रुपयातले किती आणे?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सुझेट्रिजिन नावाच्या नव्या वेदनाशामकाला मान्यता दिली. अफूच्या कुळाशी त्याचं नातं नाही. मेंदूपर्यंत जाऊ न देता दुखण्याचा निरोप मज्जातंतूतच अडवायचा, अशी त्याची रीत. ही बातमी आमच्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटात येऊन पडली आणि तासाभरात दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं असं की आता ऑपरेशननंतर मॉर्फिन-फेंटानिलसारखी अफूच्या कुळातली औषधं वापरणं म्हणजे मागासपणा, ‘अफूमुक्त शस्त्रक्रिया’ अशी पाटीच दवाखान्यावर लावायला हवी. दुसरी बाजू म्हणाली, हा प्रश्न मुळात आपला नाहीच. अमेरिकनांनी पेशंटला ऊठसूट ‘दुखतंय का’ विचारलं आणि देश अफूच्या नादी लावला. एका ज्येष्ठ सर्जनांनी लिहिलं, “आम्ही विचारतच नाही. विचारलं की दुखायला लागतं.” खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

मी भूलतज्ज्ञ आहे. जिल्ह्याच्या गावात सत्तावीस वर्षं भूल देते आहे. मला या वादात कोणाची बाजू घ्यावी हेच कळेना, कारण दोन्ही तटांनी एक गोष्ट न तपासताच धरून ठेवली होती: पेशंटला विचारणं आणि अफूजन्य औषध देणं ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत, एक ओढलं की दुसरं आपोआप येणार. हे खरं नाही. विचारल्यामुळे अफू वाढली नाही. उत्तर एका आकड्यात कोंबलं आणि त्या आकड्याला गोळी बांधली, म्हणून ती वाढली. ऑपरेशननंतरची अफू खरोखर कमी करायची असेल, तर आज विचारतो त्यापेक्षा जास्त आणि नीट विचारावं लागेल.

आधी समोरच्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करते. अमेरिकेत विचारण्याची जी पद्धत रूढ झाली तिने नुकसान केलं, यात शंका नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिथल्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेने घोषणा दिली की नाडी, रक्तदाब, ताप आणि श्वास यांच्या जोडीला दुखणं हे ‘पाचवं’ मोजमाप माना. १९९९ मध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ती उचलली. २००१ पासून रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने वेदनेची नोंद आपल्या निकषांत घेतली. पुढे रुग्णालयाला मिळणाऱ्या सरकारी पैशातला थोडा वाटा पेशंटच्या समाधानाच्या प्रश्नावलीशी जोडला गेला आणि त्या प्रश्नावलीत वेदनेचेही प्रश्न होते. याच काळात, १९९६ मध्ये, पर्ड्यू कंपनीचं ऑक्सिकॉन्टिन हे अफूजन्य वेदनाशामक बाजारात आलं. ‘सवय क्वचितच लागते’ हे सांगायला १९८० सालच्या एका पत्राचा आधार घेतला जाई. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधलं जेमतेम पाच वाक्यांचं पत्र ते. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य औषध मिळालेल्या ११,८८२ पेशंटपैकी चौघांनाच व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढाच त्याचा मजकूर. ‘दाखल असताना’ हे दोन शब्द पुढे सगळे विसरले. २०१७ मध्ये कोणीतरी मोजदाद केली, तर पत्राचा हवाला ६०८ वेळा दिलेला निघाला आणि बहुतेकांनी हे पेशंट खाटेवर सिस्टरच्या नजरेखाली होते, घरी बाटली घेऊन बसलेले नव्हते, याचा उल्लेखही केला नव्हता. पर्ड्यूने २००७ आणि २०२० असा दोनदा न्यायालयात गुन्हा कबूल केला. इतक्या वर्षांत किती घरं गेली ते सांगायला नको.

आकड्याने थेट घात केल्याचा पुरावाही आहे. फ्लोरिडातल्या एका कर्करोग रुग्णालयात ‘शून्य ते दहात दुखणं किती’ याच्या उत्तरावरून औषध ठरवण्याची पद्धत सुरू झाली. तिथल्याच डॉक्टरांनी २००५ मध्ये आपला हिशेब छापला. औषधाने पेशंट अतिगुंगीत गेल्याच्या घटना दर एक लाख रुग्णदिवसांमागे ११ होत्या, त्या २४.५ झाल्या. दुपटीहून जास्त. आणि बहुतेक पेशंट आधीपासून पेंगत होते, तसं केसपेपरवर लिहिलेलंही होतं. पण पेंगत्या माणसाने ‘आठ’ म्हटलं आणि कोष्टकात आठसमोर डोस होता. झोपाळलेले डोळे कोष्टकात कुठे बसत नव्हते.

मग सर्जनसाहेबांचं बरोबरच झालं की! नाही, कारण या गोष्टीत दोष कुठल्या पायरीवर आहे ते बघायला हवं. नाडी, ताप, रक्तदाब आपण बाहेरून मोजतो, पेशंट बेशुद्ध असला तरी मोजतो. दुखणं पेशंटने आतून सांगायचं असतं. त्याला नाडीच्या पंक्तीत बसवलं तेव्हाच ‘सांगणं’ संपलं आणि ‘भरणं’ सुरू झालं. लॉस एंजेलिसच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की पाचव्या मोजमापाची सक्ती आल्यानंतर वेदनेच्या उपचारात काहीच सुधारणा झाली नव्हती. चौकट भरली जात होती, तिच्याकडे पाहून कोणी खाटेशी जात नव्हतं. म्हणजे एकीकडे आकडा वाचून नको तितकं औषध, दुसरीकडे आकडा लिहून मुळीच काही नाही. या दोन्हींना ‘विचारणं’ म्हणायचं असेल, तर जनगणनेच्या तक्त्यालाही गप्पा म्हणावं लागेल.

‘विचारलं की दुखायला लागतं’ या विनोदाचं उत्तर तर ऐंशी वर्षांपूर्वीच मिळून चुकलंय. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या आघाडीवर हेन्री बीचर हा अमेरिकन भूलतज्ज्ञ जबर जखमी झालेल्या सैनिकांना विचारत फिरला: दुखतंय का, औषध हवं का? हाडं मोडलेली, पोटं फाटलेली माणसं ती. १९४६ मध्ये त्याने लिहिलं की जवळजवळ तीन चतुर्थांश जणांनी औषध नको म्हणून सांगितलं, आणि औषध मिळू शकतं हे तर त्या प्रश्नातूनच त्यांना कळत होतं. पुढे त्याने साध्या नागरिकांच्या ऑपरेशननंतरच्या वेदनेशी तुलना केली. तिथे जखमा लहान, पण औषध मागणारे कितीतरी जास्त. आघाडीवरच्या सैनिकाला ती जखम म्हणजे जीव वाचल्याची, घरी परतण्याची चिठ्ठी होती. बीचरच्या या निरीक्षणाचा उपयोग ‘दुखणं मनाचे खेळ असतात’ असं म्हणायला फार जण करतात. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते: त्याने विचारलं नसतं, तर त्या सगळ्यांना सरसकट मॉर्फिन टोचलं गेलं असतं. जखमेच्या आकारावरून ठरवणारा डॉक्टर जास्त औषध देतो की विचारणारा?

लंबक उलटा फिरल्यावर काय झालं तेही पाहायला हवं, कारण आपल्या गटातले लोक त्या उलट्या फेरीलाच शहाणपण समजत आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अफूजन्य औषधांबाबत सूचना काढल्या. मूळ सूचना जुनाट दुखण्यासाठी आणि बऱ्यापैकी सावध होत्या. विमा कंपन्या, औषधांची दुकानं आणि राज्यांचे कायदे यांनी त्यातले आकडे तेवढे उचलले आणि त्यांचे फास केले. वर्षानुवर्षं औषधावर असलेल्यांचं औषध अचानक तोडलं गेलं. २०१९ मध्ये सूचना लिहिणाऱ्यांनाच जाहीरपणे म्हणावं लागलं की आम्ही असं म्हटलं नव्हतं, आणि २०२२ मध्ये सूचना नव्याने लिहाव्या लागल्या. तिथे २०१२ मध्ये अशा औषधांच्या चिठ्ठ्या साधारण साडेपंचवीस कोटी निघाल्या होत्या, २०२० मध्ये सव्वाचौदा कोटींच्या आसपास आल्या. मृत्यू कमी झाले? २०१२ मधले सुमारे २३ हजार अफूजन्य मृत्यू २०२१ मध्ये ८० हजारांवर गेले, कारण तोपर्यंत रस्त्यावरच्या बेकायदा फेंटानिलने बाजार ताब्यात घेतला होता. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांनी पहिली आग लावली हे खरंच. पण दोन काड्या परत डबीत ठेवल्याने वणवा विझत नसतो. अमेरिकेने हाच खेळ एकदा आधीही खेळून पाहिला आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे मॉर्फिन मुक्त हस्ते वाटलं गेलं, १८९८ मध्ये बायर कंपनीने हेरॉइन चक्क खोकल्यावरचं औषध म्हणून विकायला काढलं. मग अशा औषधांवर बंधनं घालणारा १९१४ चा हॅरिसन कायदा आला, डॉक्टरांवर खटले झाले आणि पुढच्या दोन पिढ्या कॅन्सरच्या पेशंटलासुद्धा मॉर्फिन द्यायला कचरल्या. नव्वदच्या दशकातली ती ‘विचारा, विचारा’ची चळवळ हवेतून आली नव्हती. त्या कचरण्यावरचा तो राग होता, आणि त्या रागाचा धंदा दुसऱ्यांनी केला.

न विचारण्याचाही एक इतिहास आहे आणि तो आम्हा डॉक्टरांना शोभणारा नाही. १८४७ मध्ये एडिंबराच्या सिम्पसन या डॉक्टरने बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली, तेव्हा धर्माचा दाखला देऊन विरोध झाला, आणि बाळंतकळा ही निसर्गाने दिलेली, उपयोगाची गोष्ट आहे असं म्हणणारे डॉक्टरही होते. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियानेच क्लोरोफॉर्म घेतला तेव्हा कुठे सूर बदलला. राणीला काय वाटतं हे विचारणं भाग होतं, बाकीच्या बायकांना विचारायची पद्धत नव्हती. तान्ह्या बाळांचं तर अजून भयंकर. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या नावाजलेल्या रुग्णालयांतही अपुऱ्या दिवसांच्या बाळांची छाती उघडताना स्नायू शिथिल करणारं औषध देत, वेदनाशामक जवळपास नाहीच. बाळांना दुखत नाही, दुखलं तरी लक्षात राहत नाही, असा समज. ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या कंवलजीत सिंग आनंद या भारतीय डॉक्टरने १९८७ मध्ये दाखवून दिलं की फेंटानिल मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होता आणि ऑपरेशननंतर ती कमी बिघडली. लक्षात घ्या, इथे अफूजन्य औषध न देण्यामुळे नुकसान होत होतं. आणि ते कळलं कसं? बोलता न येणाऱ्याला विचारण्याची वाट कोणीतरी शोधली म्हणून. बाळाच्या रक्तातली संप्रेरकं मोजणं हासुद्धा विचारण्याचाच प्रकार झाला.

आता आपल्या अंगणात येऊ. ‘अमेरिकेची चूक आपण करायला नको’ असं म्हणणाऱ्यांना आपण नेमकी उलटी चूक पुरेपूर करून बसलोय हे आठवत नाही. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. दवाखान्यात मॉर्फिन ठेवायचं तर चार-पाच वेगवेगळे परवाने लागत, सगळ्यांची मुदत एकाच वेळी शिल्लक असावी लागे आणि कागदात चूक झाली तर दहा वर्षांच्या सक्तमजुरीची टांगती तलवार. औषधवाल्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. वैद्यकीय मॉर्फिनचा देशभरातला वापर ९७ टक्क्यांहून जास्त घसरला आणि १९९७ साली जेमतेम १८ किलोवर आला. ज्या देशात नीमच-मंदसौरच्या शेतात सरकारी परवान्याने अफू पिकते, जिथे नीमच आणि गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने आहेत, त्या देशाला पुरं वर्षभर अठरा किलो! वेदनाशमनाचं काम करणाऱ्या केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं दारं ठोठावली, तेव्हा २०१४ मध्ये कायदा सुधारला. तरीही ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१७ च्या आयोगाच्या हिशेबाने भारतात गरजेच्या चार टक्क्यांइतकंच औषध पोचत होतं. माझ्या उमेदवारीच्या काळात शेवटच्या अवस्थेतल्या कॅन्सर पेशंटची मुलं मुंबईहून मॉर्फिनच्या गोळ्या आणायला रात्रीच्या एसटीने जायची. त्या मुलांसमोर उभं राहून ‘अफूमुक्त’ हा शब्द अभिमानाने उच्चारून दाखवावा.

यावर समोरून जो मुद्दा येतो तो या सगळ्या वादातला सर्वांत भक्कम मुद्दा आहे. ‘बाई, कॅन्सरचं सोडा, ऑपरेशनचं बोला. आपले पेशंट हर्नियाचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन पॅरासिटॅमॉल-डायक्लोफेनॅकवर काढतात आणि चौथ्या दिवशी घरी जातात. म्हणजे ती औषधं लागत नाहीत हे सिद्धच झालं.’ निम्मं सिद्ध झालं आहे. घरी जाताना अफूजन्य गोळ्यांची बाटली बहुतेकांना लागत नाही, हे अमेरिकेनेच उशिरा का होईना मोजून काढलं. मिशिगनच्या डॉक्टरांच्या पाहणीत ऑपरेशननंतर दिलेल्या गोळ्यांपैकी पेशंटनी साधारण चौथा हिस्साच घेतला होता, उरलेल्या घरातल्या कपाटात. त्यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट ही की कोणी किती गोळ्या घेतल्या हे ठरवण्यात दुखण्यापेक्षा बाटलीत किती दिल्या होत्या याचाच वाटा मोठा होता. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर त्यांनी चिठ्ठीवरचं औषध एक तृतीयांशाच्याही खाली आणलं, तरी जादा गोळ्या मागायला येणाऱ्यांची संख्या वाढली नाही. आणि २०१७ च्या दुसऱ्या पाहणीत, याआधी ही औषधं न घेणाऱ्या पेशंटपैकी सुमारे सहा टक्के लोक ऑपरेशननंतर तीन महिने उलटल्यावरही ती घेत असल्याचं दिसलं. मोठं ऑपरेशन असो की लहान, प्रमाण जवळपास तेवढंच. म्हणजे कारण जखमेत नव्हतं. घरी बाटली न देण्याची आपली सवय चांगली आहे, ती सोडू नये.

पण पहिल्या रात्रीचं मॉर्फिन आणि घरी नेलेली तीस गोळ्यांची बाटली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वादात त्यांची सतत खिचडी केली जाते. छाती किंवा पोटाचा वरचा भाग उघडलेला पेशंट शांत पडून आहे म्हणजे त्याला दुखत नाही, असं नसतं. बऱ्याचदा तो दुखू नये म्हणून शांत पडलेला असतो. खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कूस बदलत नाही. तिसऱ्या दिवशी ताप येतो, फुप्फुसाच्या तळाशी कफ साठलेला असतो आणि केसपेपरवर ‘न्यूमोनिया’ लिहिलं जातं. त्याचं मूळ न विचारलेल्या दुखण्यात होतं, असं कोणी लिहीत नाही. गुडघा बदललेली बाई व्यायाम टाळते, गुडघा वाकायचा तो वाकत नाही, सहा महिन्यांनी म्हणतात आजींनी मेहनतच केली नाही. आणि पहिल्या काही दिवसांतलं तीव्र, न शमलेलं दुखणं हे पुढे महिनोन्महिने टिकणाऱ्या दुखण्याचं एक धोक्याचं चिन्ह असतं. ‘आपले पेशंट सोसतात’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मला त्याची चीड येते. ते सोसतात, कारण सांगितलं तर सिस्टर ओरडेल, डॉक्टर म्हणतील नाटक करतो, आणि सासू म्हणेल आम्ही नाही का काढली बाळंतपणं.

मग विचारायचं कसं? शून्य ते दहा हे आपल्याकडे नीट चालत नाही, हा माझा अनुभव. शेतावर राबून साठीला आलेल्या माणसाला ‘दहा म्हणजे कल्पनेतलं सर्वांत भयंकर दुखणं’ असं सांगितलं की तो आपल्याला काय हवंय याचा अंदाज घेतो आणि मधलं काहीतरी बोलतो. उलट आपल्या भाषेत दुखण्याचा शब्दसाठा केवढा आहे. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. जखम चुरचुरते, गळू ठसठसतं, पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते, नस ओढते, तळव्यांची आग होते, पायाला मुंग्या येतात. हे शब्द नुसते हौसेचे नाहीत, प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. आग आणि मुंग्या म्हटलं की मज्जातंतूचा विचार करायचा, तिथे मॉर्फिनचा फारसा उपयोग नाही. एका तासात वाढत गेलेला ठणका आणि ताणलेलं प्लॅस्टर म्हटलं की औषध बाजूला ठेवून आधी प्लॅस्टर कापायचं. पोट गच्च होऊन गोळा येतो म्हटलं की आतडी अजून हलली नाहीत, आणि अफूजन्य औषध ती आणखी झोपवणार. ‘सात’ या उत्तरातून यातलं काय कळतं?

आणि मोजायचंच असेल तर आपल्या लोकांकडे त्यांचं माप आहे. ‘आता कसं वाटतंय’ विचारा, जुनी माणसं सांगतात, “आठ आणे फरक आहे.” “रुपयात बारा आणे बरं.” नाणी कधीच बंद झाली, माप राहिलं. या मापात एक शहाणपण आहे जे शून्य-ते-दहात नाही: ते दुखणं किती हे सांगत नाही, फरक किती पडला हे सांगतं. आपण केलेल्या उपायाचा हिशेबच पेशंट मांडतो. त्याच्या जोडीला एक कृती हवी. ऑस्ट्रेलियातल्या अनेक रुग्णालयांत पेशंटला खोकायला किंवा पाय उचलायला सांगतात आणि जमलं, अर्धवट जमलं, जमलंच नाही अशा तीन श्रेणी लिहितात. आपल्याकडे एवढंही पुरे: उशी पोटाशी धरून खोकून दाखवा. कुशीवर वळता येतं का? मोरीपर्यंत चालत गेलात का? रात्री डोळा लागला का? खोकता येत असेल आणि पेशंट ‘दुखतंय’ म्हणत असेल तर औषध वाढवायची घाई नको. खोकता येत नसेल आणि तो ‘काही नाही’ म्हणत असेल तर तिथेच थांबायला हवं.

“एवढा वेळ कुणाला आहे?” हा आक्षेप खोटा नाही. रात्रपाळीला तीस खाटांमागे एक सिस्टर, तिच्यावर सलाइन, इंजेक्शनं, नवे दाखल पेशंट आणि वर नातेवाइकांचा दंगा. आकडा लोकप्रिय झाला तो यामुळेच, तो पटकन लिहिता येतो. पण खोकून दाखवायला दहा सेकंद लागतात. वेळ वाया जातो तो न विचारण्यापायी. रात्री दोनला ओरडणारा पेशंट, धावपळ, डॉक्टरांना फोन आणि मग घाईघाईत एक मोठं इंजेक्शन. वेळेवर दिलेल्या पॅरासिटॅमॉलच्या पायावर जी इमारत उभी राहायची, ती नसल्यामुळे रात्री दोनला अफूच लागते. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट नव्वदच्या दशकापासून हेच सांगत आले: वेगवेगळ्या वाटांनी थोडं थोडं अडवा, पेशंटला लवकर उठवा, लवकर खाऊ घाला. त्यांच्या पद्धतीत मॉर्फिन घटलं, कारण त्याची गरज घटली.

इथेच मला ‘अफूमुक्त’ पाटीवाल्यांशी भांडायचंय. शून्य हेसुद्धा एक आकडाच आहे, आणि त्याची पूजाही तितकीच अंधळी. फ्रान्समध्ये एका मोठ्या चाचणीत भूल देताना अफूजन्य औषधाऐवजी डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचं औषध वापरून पाहिलं. काही पेशंटच्या हृदयाचे ठोके इतके मंदावले की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. २०२१ मध्ये ते निकाल छापून आले. गॅबापेंटिन आणि प्रिगॅबालिन ही मज्जातंतूच्या दुखण्यावरची औषधं ऑपरेशननंतरही सर्रास दिली जात होती. २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्यामुळे श्वास मंदावण्याचा इशारा दिला आणि पुढच्याच वर्षी शंभराहून जास्त चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडल्यावर ऑपरेशननंतरच्या दुखण्यात त्यांचा जाणवेल असा फायदा निघाला नाही. डायक्लोफेनॅक, किटोरोलॅक उत्तम औषधं आहेत, पण उन्हाळ्यात पाणी कमी पडलेल्या म्हाताऱ्याच्या किडनीला विचारा. आणि ज्या सुझेट्रिजिनवरून हा वाद पेटला, ते चाचण्यांमध्ये नकली गोळीपेक्षा सरस ठरलं, पण हायड्रोकोडोन हे अफूजन्य औषध आणि पॅरासिटॅमॉल यांच्या जोडगोळीवर मात करू शकलं नाही. २०२५ मध्ये बाजारात आलं तेव्हा अमेरिकेतली किंमत होती एका गोळीला साडेपंधरा डॉलर. येऊ दे, स्वागत आहे. पण त्याच्या जीवावर पाट्या रंगवू नयेत.

अफूची गरज सर्वांत चांगली कमी होते ती नस, म्हणजे मज्जातंतू, बधिर केल्याने. खांद्याच्या, गुडघ्याच्या, बरगडीच्या ऑपरेशनला सोनोग्राफीच्या पडद्यावर नस पाहून तिच्याभोवती बुपिव्हॅकेन सोडलं की पहिले बारा-पंधरा तास पेशंट शांत झोपतो. औषध स्वस्त आहे. अडतं कुठे? यंत्रापाशी. सोनोग्राफीचं यंत्र म्हटलं की गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याखाली त्याची नोंदणी, जागेची अट, कागदपत्रं. ज्या राज्यात मुली गर्भातच मारल्या गेल्या तिथे हा कायदा कडकच हवा, याबद्दल माझं दुमत नाही. पण भूलतज्ज्ञाला खांद्याची नस शोधायची आहे, त्या यंत्राच्या लहान तपासनळीने गर्भ नीट दिसतसुद्धा नाही. शस्त्रक्रियेनंतर अफू कमी व्हावी असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी गटातले हसरे चेहरे थोडे बाजूला ठेवून आरोग्य खात्याकडे या एका सवलतीसाठी अर्ज करावा. सहीला मी पहिली येईन.

गेल्या पावसाळ्यात पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या एका आजींना दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेले. केसपेपरवर रात्रपाळीने वेदनेच्या रकान्यात ‘७’ लिहिलं होतं आणि खाली ट्रामाडॉलचं, म्हणजे अफूच्याच कुळातल्या औषधाचं, इंजेक्शन सुरू करण्याची सूचना मागितली होती. मी म्हटलं, “आजी, खोकून दाखवा बरं.” त्यांनी उशी धरली आणि चांगलं दोनदा खोकून दाखवलं. “मग रुपयातले किती आणे बरं?” म्हणाल्या, “पोटाचं म्हणशील तर बारा आणं बरं हाय, पर ह्यो हात रातभर ठणकतोय बघ.” पदराखालचा डावा हात बाहेर काढला. सलाइनची सुई टोचलेली शीर मनगटापासून कोपरापर्यंत लाल, दोरीसारखी टणक झाली होती. ट्रामाडॉल दिलं असतं तर ते त्याच शिरेतून गेलं असतं. मी सुई काढली, हाताखाली उशी दिली, आणि सिस्टरला दुसऱ्या हातावर नवी सुई लावायला सांगितलं.